कात्रीने खाल्लेली करवंदं

कुंपणाला करवंद लावायचं ठरवलं तेव्हा माझ्या डोक्यात आधी काटे होते, फळं नंतर. बागेच्या मागच्या अंगाला भिंत नाही, कुत्री सर्रास आत शिरून वाफे उकरायची. बारा महिने हिरवं राहणारं, काटेरी आणि वर फळ देणारं झुडूप म्हटल्यावर एकाच लावणीत दोन्ही कामं होतील असा माझा हिशोब. तो हिशोब मला तीन वर्षं नडला.

सुरुवात बियांपासून केली. खाल्लेल्या करवंदांच्या बिया धुतल्या, वाळवल्या, कागदाच्या पुडीत घालून ठेवल्या आणि पुढच्या पावसाळ्यात पेरल्या. एकही उगवली नाही. भोपळा-भेंडीचं बी ठेवतो तसं करवंदाचं बी ठेवून चालत नाही. वाळून जुनं झालं की त्याची उगवण्याची ताकद जाते. दुसऱ्या खेपेला पिकलेली फळं कुस्करून बिया गर निघेपर्यंत धुतल्या आणि त्याच संध्याकाळी माती-वाळूच्या पिशव्यांत टाकल्या. अठराव्या दिवशी पहिला कोंब दिसला. 20 पिशव्यांतल्या 13 उगवल्या. मधल्या काळात छाटकलमंही करून पाहिली होती, पण ती सगळी काळी पडून गेली. त्यांना पाझरणारा पांढरा चीक पाहून मी जरा घाबरलेच होते, कारण करवंद कण्हेरीच्या कुळातलं आणि कण्हेर विषारी. चीक दोघींनाही आहे, पण करवंदाचं पिकलं फळ खुशाल खावं.

रोपं भयंकर हळू वाढतात. वर्षभरात वीतभर झाली. पुढच्या पावसाच्या तोंडाला त्यातली धट्टीकट्टी पाच निवडून दोन-दोन फुटांवर लावली. फळांसाठी लावायची तर हे अंतर फार कमी, सहा-सात फूट तरी हवं. पण मला जाळी दाट हवी होती ना! मागची जागा मुरमाड आहे, पाणी थांबत नाही, ऊन दिवसभर. करवंदाला याहून चांगली जमीन देता आली नसती. तरी मी खड्ड्यांत शेणखत ओतलं, दर महिन्याला जीवामृत (शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत), उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी. झाडांनी त्याचं सोनं केलं, म्हणजे पानंच पानं केली. चकचकीत, जाड, गर्द हिरवी. आणि ती माजली की मी कात्री घेऊन उभी. दर दोन महिन्यांनी वरून सपाट, बाजूंनी सरळ. लावल्यापासून तिसऱ्या वर्षी जाळी इतकी देखणी झाली की येणारा-जाणारा थांबून बघायचा. कुत्री बंद झाली. फूल मात्र एक नाही.

आधी वाटलं, अजून वय झालं नसेल. मग वाटलं, काहीतरी कमी पडतंय, म्हणून खत वाढवलं. हा मूर्खपणा आज आठवला तरी हसू येतं.

उलगडा झाला तो पाण्याच्या टाकीमागे. एका झाडाची एक फांदी टाकी आणि खांब यांच्या बेचक्यात शिरली होती, तिथे माझी कात्री पोचत नव्हती. फेब्रुवारीत टाकी धुवायला मागे गेले तर मंद गोड वास आला. वाकून पाहिलं. त्या वेड्यावाकड्या फांदीच्या प्रत्येक शेंड्याला जाईसारख्या पांढऱ्या फुलांचा घोस! फुलं फक्त शेंड्यांना होती, खाली खोडाजवळ एकही नाही. तेव्हा ट्यूब पेटली. करवंदाला फुलोरा फांदीच्या टोकाला येतो, आणि मी दर दोन महिन्यांनी नेमकी टोकंच उडवत होते. फळं येत नव्हती असं नाही, मी ती येण्याआधीच कापून टाकत होते.

त्या वर्षीपासून छाटणी वर्षातून एकदाच, फळं संपल्यावर लगेच, पावसाळा लागता लागता. पावसाळ्यात नवी फूट येते, हिवाळ्यात ती पक्की होते आणि तिच्याच शेंड्यांना फुलं लागतात. पावसाळ्यानंतर कात्रीला हात लावत नाही, कितीही हात शिवशिवले तरी. खत वर्षाला एक पाटी. हिवाळ्यात पाणी पूर्ण बंद. फुलांतून बारीक हिरवी फळं दिसायला लागली की मग आठवड्याने एकदा. छाटलेल्या फांद्यांचं एक सांगते: त्या खताच्या खड्ड्यात टाकू नका. पानं कुजतात, काटे कुजत नाहीत. वर्षाने ते खत वाफ्यात पसरताना काटा चपलेच्या तळातून थेट टाचेत गेला, तेव्हापासून त्यांचा ढीग वेगळा.

पुढच्या मे महिन्यात पहिली भरघोस करवंदं निघाली. ती एकदम पिकत नाहीत. एकाच घोसात एक हिरवं, एक तांबूस, एक काळंभोर. रोज सकाळी काळी तेवढी खुडायची. देठाशी चीक येतो आणि बोटांना असा चिकटतो की साबण हरतो. आधी बोटांना तेल चोळून गेलं की निभावतं. बुलबुलांना पिकलेलं फळ माझ्याआधी कळतं, पण जाळीच्या पोटातली फळं त्यांनाही काट्यांमुळे सोडून द्यावी लागतात. मलाही.

आता मागची बाजू अगदीच अस्ताव्यस्त दिसते. पूर्वी थांबून कौतुक करणाऱ्या शेजारच्या काकू हल्ली विचारतात, "अगं, कापायला झाली की तुझी जाळी, आजारी-बिजारी होतीस का?" मी त्यांना ओंजळभर करवंदं देते.

पाच झाडांतलं एक मात्र फाटकाला लागून आहे. जाता-येता कपडे अडकतात म्हणून ते अजूनही दर दोन महिन्यांनी कापावं लागतं. चारही बाजूंनी सरळ, हिरवंगार, सुरेख दिसतं. त्याला आजवर एक करवंद लागलेलं नाही.