सर्वांत वरची ओळ

नाशिक, मंगळवार, रात्री १०

नऊ वाजता पंचवटीतून मैत्रिणीचा निरोप आला : 'तुझी मुद्रितशोधनाची ओळ अजून डोक्यावरच बसली आहे गं.' एरवी ती याहून अधिक काही लिहीत नाही, आणि मला तेवढेच पुरते.

गेले चार महिने आम्ही दोघी रोजची कामे एकाच साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहीत आहोत. पद्धत अमेरिकन तंत्रज्ञान-लेखिका जीना ट्रापानी यांनी २००६ मध्ये मांडलेल्या 'टुडू डॉट टीएक्सटी'ची : एका ओळीत एकच काम, आरंभी ते लिहिल्याची तारीख, आणि काम झाले की ओळीच्या अगोदर एक्स हे अक्षर व पूर्ण झाल्याची तारीख. प्राधान्य दाखवणारे कंसातले अक्षर मात्र आम्ही सोडून दिले, कारण ते ओळीच्या सुरुवातीला आले की सारा क्रम त्याच्याच तंत्राने लागतो. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे लिहिले, तर नुसत्या अक्षरानुक्रमानेही सर्वांत जुने काम वर येते. (मी हौसेने देवनागरी अंक वापरून पाहिले होते, क्रम बरोबर लागला, पण फोनवरच्या अ‍ॅपला ती तारीखच वाटेना.)

पहिल्या महिन्यात मी एक लबाडी करत असे. राहिलेल्या कामाची तारीख रोज रात्री बदलून ते 'आजचे' करायचे, म्हणजे यादी सकाळी धुतल्यासारखी स्वच्छ दिसे. मैत्रिणीने जुनी प्रत शेजारी ठेवून ते पकडले आणि मूळ तारखेला हात लावायचा नाही, असे ठरवून टाकले. तेव्हापासून टाळलेले काम आपोआप वर सरकत जाते आणि फाइल उघडताच दोघींच्याही डोळ्यांसमोर येते.

'मुद्रिते तपासणे' ही ओळ आज एकोणीस दिवसांची झाली. मी दमल्याचे कारण लिहिले, तर तिने विचारले, 'उद्या कुठल्या पानापासून बसणार आहेस?' मला उत्तर देता आले नाही. मग लक्षात आले की एवढी मोठी ओळ एका दिवसात कधीच पुरी होणार नव्हती, आणि मी ती रोज तशीच ठेवत आले होते.

जुनी ओळ खोडलेली नाही. तिच्याखाली आजच्या तारखेने लिहिले आहे : 'पान ६१ ते ७०, सकाळी सात ते आठ.'