तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं महागडं घड्याळ लोक घेतात तरी कशाला?

घड्याळं दुरुस्त करतो असं सांगितलं की थोड्याच वेळात हा प्रश्न येतो. प्रवासात शेजारी बसलेला माणूस विचारतो, डॉक्टर विचारतात, नात्यातली मुलं विचारतात. "वेळ तर फोनवरही दिसते. मग एका घड्याळात एवढे पैसे घालणारी माणसं दिखाऊ नाहीत तर काय?" उत्तर प्रश्नातच असतं, आणि मी हो म्हटलं की विषय संपेल. पण माझ्याच्याने हो म्हणवत नाही. ही घड्याळं मी आतून पाहिली आहेत आणि ती घालणारी माणसं समोरच्या खुर्चीत बसलेली पाहिली आहेत.

वेळेपुरतं तुमचं म्हणणं बरोबर आहे. स्प्रिंगवर चालणाऱ्या घड्याळाला क्रोनोमीटर, म्हणजे खास अचूक घड्याळ, म्हणून स्विस प्रमाणपत्र मिळवायचं असेल, तर त्याने दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे किंवा ६ सेकंद पुढे, यापेक्षा जास्त चुकायचं नाही. सेलवर चालणारं साधं क्वार्ट्झ घड्याळ अख्ख्या महिन्यात १५ सेकंदांच्या आसपास चुकतं. २५ डिसेंबर १९६९ ला सिको कंपनीने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं, आणि पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत स्विस घड्याळ उद्योगातले कामगार सुमारे ९० हजारांवरून ३० हजारांवर आले. लोक वेळच विकत घेत असते, तर स्प्रिंगचं घड्याळ तेव्हाच संपलं असतं. ते संपलं नाही. उलट आज सगळ्यांत महाग तेच आहे.

मग लोक घेतात काय?

एक बाई आल्या होत्या. घड्याळाच्या काचेखाली वाफ धरली होती. मी मागचं झाकण उघडेपर्यंत त्या मोकळेपणाने बोलत होत्या. चार वर्षांपूर्वी मोठं पद मिळालं, तेव्हा स्वतःच्या कमाईतून, ओळखीतल्या ओळखीतून, 'फारसं न वापरलेलं' म्हणून हे घेतलं होतं. "महत्त्वाच्या मीटिंगला हे हातात असलं ना, की माझा आवाज कापत नाही," असं त्या म्हणाल्या. तेवढ्यात मी भिंग डोळ्याला लावलं. आत जे मशीन असायला हवं होतं, ते नव्हतं. रोटरवर, म्हणजे हात हलला की फिरून स्प्रिंग भरणाऱ्या पात्यावर, नाव होतं, पण अक्षरांच्या कडा खरबरीत होत्या आणि स्क्रूच्या खाचा ओबडधोबड. सांगावं की नाही, यात माझा थोडा वेळ गेला. मग सांगितलं, कारण उद्या दुसऱ्या कुणीतरी सांगितलंच असतं.

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पण वेळ तर बरोबर दाखवत होतं हो." मी वाफ काढून, पुसून घड्याळ परत दिलं. त्यांनी ते मनगटावर बांधलं नाही. पर्सच्या बाजूच्या कप्प्यात टाकलं.

तेच वजन, तेच काटे, दहा मिनिटांपूर्वीचीच तबकडी. आणि चार वर्षं त्यांचा आवाज कापला नव्हता हेही खरंच.

या प्रसंगानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागलो. हिल्के प्लासमान या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये केलेला एक प्रयोग त्यात सापडला. मेंदूची प्रतिमा टिपणाऱ्या यंत्रात झोपवून लोकांना वाइन चाखायला दिली. एकच वाइन एकदा १० डॉलरची म्हणून आणि एकदा ९० डॉलरची म्हणून दिली. ९० डॉलरची लोकांना जास्त आवडली. पण मी थबकलो ते पुढच्या गोष्टीपाशी: सुखाची जाणीव नोंदवणारा मेंदूचा भागही तेव्हा जास्त जागा झाला होता. प्रयोगात वीसच माणसं होती, तरी मला तो पटतो, कारण तो मी उलट्या बाजूने पाहिला होता. किंमत ऐकून चव वाढते, तशी खोटं निघालं की हातातली जादू जाते. त्या बाई कुणाला दाखवत नव्हत्या, नाटकही करत नव्हत्या. त्यांना जे वाटत होतं, ते खरोखरच वाटत होतं.

दिखावा नसतोच असं मी म्हणणार नाही. अर्थतज्ज्ञ थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्येच लिहून ठेवलंय की श्रीमंत माणूस खर्च करतो तो दिसावा म्हणून, आणि काही वस्तूंना मागणी असते ती त्या महाग आहेत म्हणूनच. पण आपण समजतो तेवढा हा दिखावा सरळ नाही. हान, नुनेस आणि ड्रेझ या तिघा अभ्यासकांनी २०१० मध्ये काही प्रसिद्ध ब्रँडच्या बॅगा तपासल्या, तेव्हा नाव जितकं ठळक तितकी बॅग स्वस्त निघाली. सगळ्यांत महाग बॅगेवर नाव शोधावं लागतं. म्हणजे ती खूण सगळ्यांसाठी नसतेच, ओळखणाऱ्या चार जणांसाठी असते. माझ्याकडे येणारी सर्वांत भारी घड्याळंही अशीच असतात. साधी तबकडी, बारीक काटे, बसमध्ये शेजारच्याचं लक्षही जाणार नाही. तबकडी उचलली की खालच्या पत्र्यावर एकात एक गुंफलेली इवली वर्तुळं घासलेली दिसतात. मालकाला ती जन्मात दिसणार नाहीत. ती पाहिल्यावर 'सगळी नावाची लूट आहे' असं मला म्हणवत नाही. पण सगळी किंमत त्या वर्तुळांची आहे, असंही म्हणवत नाही.

उरलेली किंमत कशाची, ते मला पन्नाशीच्या एका गृहस्थांमुळे कळलं.

"हे सारखं बंद पडतं," म्हणून ते घड्याळ घेऊन आले. उघडून पाहिलं तर मशीन कोरं करकरीत.

"रोज घालता का?"

"नाही. कपाटात असतं."

मी समजावलं, की हात हलतो तशी याची स्प्रिंग भरते. काढून ठेवलं की दोन-तीन दिवसांत ते थांबणारच, यात बिघाड काही नाही. घ्यायचं आणि घालायचं नाही, असं का, हे मी विचारलं नव्हतं. तेच सांगायला लागले. पहिल्या नोकरीत रोज संध्याकाळी साहेबांपुढे कागद सहीला न्यावे लागत. साहेब बस म्हणत नसत. सह्या होईपर्यंत उभं राहायचं, आणि बघायचं कुठे, तर साहेबांच्या मनगटाकडे. निळी तबकडी, तारखेवर छोटं भिंग. एकदा यांच्याकडून चूक झाली, तेव्हा साहेबांनी एक शब्द न बोलता कागद परत सरकवले आणि घड्याळात पाहिलं. त्याला सव्वीस वर्षं झाल्यावर यांनी तेच मॉडेल घेतलं.

"घरी आल्यावर घातलं, आरशात बघितलं," ते म्हणाले, "आणि काढून ठेवलं. माझा हात दिसेना. त्यांचाच दिसायला लागला."

डेरेक रकर आणि अॅडम गॅलिन्स्की या संशोधकांचाही २००८ चा एक अभ्यास आहे. आपल्यावर दुसऱ्या कुणाची तरी सत्ता चालली होती असा प्रसंग त्यांनी लोकांना आठवायला लावला. ज्यांनी तो आठवला, ते रेशमी टायसारख्या प्रतिष्ठेच्या वस्तूंना जास्त पैसे द्यायला तयार झाले. साध्या वस्तूंच्या बाबतीत तसं झालं नाही. मला हे वाचताना तो निळ्या तबकडीचा माणूस दिसत होता. म्हणूनच कुणी कर्ज काढून असं घड्याळ घ्यायला निघाला, की मी त्याला बसवून घेतो आणि कुणाला उत्तर द्यायचंय ते विचारतो. बहुतेकांकडे एक नाव असतं.

त्या गृहस्थांच्या घड्याळाला मी चावी दिली. सेकंदकाटा सरकायला लागला. मनगटावर चढवायला सांगितलं, तेव्हा लक्षात आलं की पट्टा कंपनीतून आला तेवढाच लांब आहे. त्यांच्या मापाचा तो कधी करूनच घेतला नव्हता. मी पिना ठोकून दोन कड्या काढल्या आणि पट्टा पुन्हा जोडला. त्यांनी हात दोनदा हलवून पाहिला. सुट्या कड्या शर्टाच्या खिशात टाकल्या, बाही घड्याळावर ओढून बटण लावलं आणि पैसे किती झाले ते विचारलं.