सोलापूरच्या उन्हात मऊ पडलेली हाडं

पूर्व भागातल्या एका विडी कामगार बाईंना त्यांचा मुलगा रिक्षातून ओपीडीत घेऊन आला. वय 38. कंबर, मांड्या, नडग्या वर्षभर ठणकत होत्या. "संधिवाताच्या गोळ्या झाल्या डॉक्टर, आता रोज 20 मिनिटं लाल लाइट देतोय, तरी फरक नाही," मुलगा म्हणाला. ऑनलाइन मागवलेल्या पॅनेलचा फोटोही त्याने दाखवला. "उन्हातलं चांगलं तेवढं यात असतं म्हणे."

अक्कांना खाली बसून उठायला सांगितलं. हात मांड्यांवर रेटत, दोनदा टेकून त्या कशाबशा उठल्या. चाल डुलती. नडगीवर अंगठा दाबताच कळवळल्या, पण सुजलेला सांधा एकही नाही. हा संधिवात नव्हताच. रक्तात ड जीवनसत्त्व 6 नॅनोग्रॅम (20 च्या खाली कमतरता धरतात), फॉस्फरस कमी, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडाचा आजार असला की रक्तात वाढणारं एंझाइम) 412, म्हणजे चढं. एक्स-रेत उजव्या मांडीच्या हाडाच्या मानेत (खुब्याजवळच्या निमुळत्या भागात), आतल्या बाजूला, आडवी फिकी रेघ होती. लूझर झोन म्हणतात तो हाच. निदान ऑस्टिओमलेशिया, म्हणजे खनिज नीट न भरल्याने हाडं मऊ पडणं. त्या रेघेवर भार पडत राहिला तर हाड तिथंच मोडतं. म्हणून औषधाआधी वॉकर दिला आणि घागरी उचलणं बंद केलं.

सोलापुरात ऊन कमी पडलं, हे घरच्यांना पटेना. पण भिजवलेली तेंदूची पानं उन्हात कडक होऊन चिरतात, त्यामुळे सूप मांडीवर घेऊन काम चालतं ते घरातच. हजार विड्या भरेपर्यंत दिवस मावळतो.

पॅनेलवर प्रकाशाची तरंगलांबी 660 आणि 850 नॅनोमीटर छापली होती. कातडीत ड जीवनसत्त्व बनतं ते साधारण 290 ते 315 नॅनोमीटरच्या यूव्हीबी (अतिनील) किरणांनी. लाल प्रकाशात ते नसतातच, मग 20 मिनिटं बसा नाहीतर रात्रभर. केमो-रेडिएशननंतर तोंड येतं तिथं लाल प्रकाशाचा चांगला उपयोग होतो, पण तो विषय निराळा. खिडकीची काचही यूव्हीबी अडवते. आणि आपलं लाडकं सकाळी सातचं कोवळं ऊन? सूर्य इतका खाली असताना यूव्हीबी जवळपास सगळे वातावरणातच अडतात.

खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड हवी. सोलापुरात मे महिन्यात ती सव्वानऊलाच आखूड होते, म्हणून तेव्हाच उरकावं. दुपारच्या उन्हात बसायचं कारण नाही. डिसेंबरात मात्र सव्वाअकरा ते दीड एवढीच वेळ मिळते. हात आणि गुडघ्याखालचे पाय उघडे ठेवून 20 ते 30 मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा. सावळ्या कातडीला जास्त वेळ लागतो. कातडी लाल व्हायच्या आत उठायचं.

पण इतकी कमतरता नुसत्या उन्हाने भरत नाही. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, दुधातून, 8 आठवडे दिली; सोबत कॅल्शियम 500 मिलिग्रॅम दोनदा, जेवणानंतर. चिठ्ठीवर वारच लिहून दिला, "दर सोमवारी". ही पुडी रोज घेऊन रक्तातलं कॅल्शियम चढलेले, उलट्या आणि किडनीचा त्रास घेऊन आलेले पेशंट येतात.

तीन महिन्यांनी ड 34 वर आलं, अक्का हात न टेकता उठल्या. मुलाने लगेच विचारलं, "आता कॅल्शियम बंद करू?" नाही म्हणालो. फॉस्फेटेज अजून 260 होतं. हाडात खनिज भरायचं काम चालू असेपर्यंत ते चढंच राहतं.