आमची वाटचाल : कात्रणाचा डबा

प्रेसची वाटचाल लिहून काढ म्हणून भाचा वर्षभर मागे लागलाय. मशीनचे फोटो काढून झाले, बाबांचा जुना फोटो साफ करून झाला, मजकूर तेवढा राहिलाय. तर लिहिते, पण "छोट्याशा रोपट्याचा वटवृक्ष झाला" असलं काही माझ्याकडून होणार नाही. तसले वटवृक्ष मी लोकांच्या स्मरणिकांमधून इतके छापलेत की आता झोपेतसुद्धा कंपोझ करीन. आणि आमचा वटवृक्ष झालेलाही नाही. 7 माणसं, दोन ऑफसेट, एक कटिंग मशीन आणि कोपऱ्यात ट्रेडल (शिशाच्या अक्षरांनी छापायचं जुनं मशीन), जी विकायची भाषा कोणी काढली की मी त्याच्याशी दोन दिवस बोलत नाही. मला लिहायचंय ते डब्याबद्दल.

डबा म्हणजे काळ्या शाईचा रिकामा डबा, झाकणाला छिन्नीने चीर पाडलेली. बाबांच्या वेळेपासून कटिंग मशीनला चिकटून असतो, डबे बदलले, जागा तीच. कात्रण, म्हणजे कागद कापून उरलेल्या पट्ट्या, रद्दीत गेलं की त्याचे पैसे त्यात, आणि वर्षातून एकदा डबा उघडून जिथे द्यायचे तिथे द्यायचे. आता लोक याला आमची दानाची परंपरा म्हणतात, सुरू झालं तेव्हा ते भांडण होतं.

भांडण बाबांचं आणि काकांचं. काका नात्याने आमचे कोणी नाहीत, कंपोझिटर, म्हणजे छपाईची अक्षरं जुळवणारे, बाबांचे पहिले भागीदार. बाबांकडे सेकंडहँड ट्रेडल होती आणि काकांकडे बोटं. डाव्या हातात अक्षरं जुळवायची स्टिक, नजर कागदावर, उजवा हात केसमध्ये, म्हणजे अक्षरांच्या खणांच्या पेटीत, आपोआप फिरतोय, वेलांटी कुठल्या घरात, रफार कुठल्या, बघायचं कामच नाही. देवनागरीच्या केसा ज्यांनी पाहिल्यात त्यांना काय सांगायचं, घरंच घरं. जॉब झाला की मॅटर सोडायचं, म्हणजे एकेक खिळा, अक्षराचा शिशाचा तुकडा, परत आपल्या घरात, आणि हे काम काका नव्या पोराला द्यायचे नाहीत. म्हणायचे, चुकीच्या घरात पडलेला खिळा उद्या कोणाच्या तरी नावात जाऊन बसतो.

तर एकदा 23 बाय 36 इंची शीटवर एक जॉब होता आणि साइज असा अवघड की प्रत्येक शीटला 4 इंचाची पट्टी उरत होती. रीममागे 500 पट्ट्या. बाबा म्हणाले जमवून ठेवू, रद्दीत बरे पैसे येतील. काका म्हणाले, कागदाचे पैसे गिऱ्हाइकाने पूर्ण शीटचे भरलेत, मग कात्रण कोणाचं? बाबा म्हणाले, मग काय पट्ट्या बांधून त्याच्या घरी पाठवायच्या? काका म्हणाले, त्याला नको असेल तर त्याचं नाही, पण म्हणून आपलं कसं होतं? दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी बाबांनी वैतागून शाईचा डबा ठेवला, म्हणाले घ्या, ना त्याचं ना आपलं.

धंद्यातला माणूस यावर हसेल हे मला माहितीये. कात्रण प्रेसवाल्याचं हा रिवाजच आहे, आणि ते रेटमध्ये धरलेलंच असतं. पण मी त्या डब्याशेजारी वाढले, मला आजही त्या पैशाला दान म्हणता येत नाही. आपलं असतं तर देताना हात अडखळला असता ना, तो कधी अडखळला नाही, कारण ते आपल्या खिशात येऊन गेलेलंच नाही. रुंद तुकडे वेगळे काढून त्यांच्या कोऱ्या वह्या करायच्या हे नंतर सुरू झालं. पिन मारायची, वर उरलेला पुठ्ठा, कव्हरवर काही छापायचं नाही. एका वहीत तीन जातींचा कागद असायचा, पांढरा, पिवळट, मध्येच बाँड. पोरं बाँड पेपरची पानं चित्रांसाठी राखून ठेवायची असं एका शिक्षिकेने सांगितलेलं.

आता बाई. एका छोट्या संस्थेच्या सेक्रेटरी होत्या, देणगीची पावतीपुस्तकं छापायला पहिल्यांदा आल्या तेव्हा मी नुकतीच टेबलावर बसायला लागले होते. बाबा म्हणाले, चांगलं काम करताय, छपाईचे घेत नाही. बाई म्हणाल्या, "अहो तसं नका करू. बिल लावा पूर्ण, मी चेक देते. मग तुम्हाला द्यायचं असेल तर द्या, मी पावती फाडते." बाबांना वाटलं मानी बाई आहे. तसं नव्हतं, त्या समजावून म्हणाल्या की फुकट छापलंत तर माझ्या वहीत छपाईचा खर्च शून्य दिसतो, उद्या तुम्ही नसलात की कमिटी म्हणणार, मागच्या वर्षी शून्य होता, यंदा कसा आला? तेव्हापासून तीच पद्धत. आम्ही बिल लावतो, त्या चेक देतात, आम्ही देणगी देतो, आणि नव्या पुस्तकातली पहिली पावती आमच्या नावाची.

पण बाई आमच्या कायमच्या झाल्या त्या यामुळे नाही, त्या झाल्या पावतीवर क्रमांक टाकणाऱ्या नंबरिंग मशीनमुळे. ट्रेडलवर नंबरिंग मशीन खिळ्यांबरोबरच चेसमध्ये, म्हणजे लोखंडी चौकटीत आवळायचं, प्रत्येक दाबाला त्याचा "नं." खाली दबतो आणि आकडा सरकतो. आमचं उलटं चालणारं होतं, मोठ्या आकड्यावरून खाली, म्हणजे छापलेली थप्पी सरळ क्रमाने मिळते. त्यात शाईचा गाळ बसला की आतला खटका अडकतो आणि एकच आकडा दोनदा पडतो. तसा पडला. 50 पानी 20 पुस्तकं, आणि बाईंनी घरी बसून हजारच्या हजार पावत्या मोजल्या हो, एकेक. दुसऱ्या दिवशी दारात उभ्या, हातात दोन पावत्या, दोन्हीवर 417. आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाल्या, यातल्या एकीवर कोणी पैसे घेतले आणि दुसरी वहीत लावली तर चोर कोण ठरेल? काकांनी सगळी 20 पुस्तकं त्यांच्यासमोर कटिंग मशीनखाली घातली आणि पुन्हा छापून दिली, आमच्या खर्चाने. पुढे कितीतरी वर्षं त्या दुसऱ्या प्रेसच्या पायरीवर चढल्या नाहीत.

(नंबरिंग मशीन रोजच्या रोज रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने साफ करा, फडक्याने पुसून भागत नाही. आणि तेल अगदी थेंबभर. जास्त घातलंत की तेच गाळ धरतं.)

मग ऑफसेट आलं, त्याला खिळे लागत नाहीत, कर्ज काढलं, खिळे भंगारात वजनावर गेले, काका त्या दिवशी आले नाहीत. नंतरची बरीच वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते त्या स्मरणिकेचं. एका मोठ्या कमिटीचा महोत्सव, विषय काय तर "दातृत्व", 240 पानं, आर्ट पेपर, पंधरा दिवसांत पाहिजे. ॲडव्हान्स नावापुरता, कागद मी माझ्या नावावर उधार उचलला. प्रूफं मीच वाचली, त्यामुळे माणूस का देतो यावर जगात काय काय लिहिलं गेलंय ते मला रात्री दोन वाजता लाल पेन घेऊन कळलं. अर्थशास्त्रज्ञ जेम्स अँड्रियोनी यांनी 1989-90 मध्ये मांडलं की माणूस फक्त दुसऱ्याचं भलं व्हावं म्हणून देत नाही, दिल्यावर स्वतःला जी ऊब वाटते त्यासाठीही देतो. 2008 मध्ये एलिझाबेथ डन वगैरे तिघांचा अभ्यास, त्यात बोनस मिळालेले 16 कर्मचारी होते, आणि बोनस किती यापेक्षा त्यातला किती दुसऱ्यासाठी खर्च केला यावर आनंद जास्त ठरत होता. 16! तेवढी माणसं तर दुपारी आमच्या काउंटरवर असतात. (प्रयोग आणखीही होते त्यात, ते मान्य.) 2007 चा कार्लन आणि लिस्ट यांचा मला पटला, 50,000 हून जास्त जुन्या देणगीदारांना पत्रं पाठवली. काहींच्या पत्रात होतं, तुम्ही द्याल तेवढीच भर दुसरा दाता घालेल. त्यांच्याकडून पत्रामागे 19 टक्के जास्त आले, पण दुप्पट भर घालू, तिप्पट घालू म्हटल्याने आणखी काही फरक पडला नाही. म्हणजे माणसाला सोबत कोणीतरी आहे एवढंच पुरतं, असं मी तरी समजले. आणि बेकर्स आणि वीपकिंग या दोघांनी 2011 मध्ये 500 हून जास्त अभ्यास चाळून देण्यामागची आठ कारणं काढली, त्यात गरज कळणं आणि कोणीतरी मागणं ही अगदी सुरुवातीला. मी समासात "बाई" असं लिहिलं आणि मग खोडलं.

एक जाहिरात आयत्या वेळी गळली, अर्धं पान मोकळं. कमिटीचा फोन, काहीतरी भरा. मी भरलं, माझं स्वतःचं, नाव न देता. तारीख असलेलं जगातलं सर्वांत जुनं छापील पुस्तक म्हणजे 868 सालचं चीनमधलं बौद्ध सूत्र, त्याच्या शेवटी छापलंय की वांग जी नावाच्या माणसाने आईवडिलांसाठी, मोफत वाटायला ते करवून घेतलं. आणि युरोपात सुट्या खिळ्यांवरची तारीख असलेली सर्वांत जुनी छपाई 1454 ची, चर्चची पापक्षमेची पत्रं, सायप्रसच्या रक्षणासाठी पैसे दिलेत म्हणून मिळायची. नावाला जागा कोरी, तारखेला जागा कोरी. अहो पावतीपुस्तकच की! आपला धंदा सुरूच पावतीपुस्तकाने झालाय. (पुढे त्या पत्रांचा बाजार झाला आणि केवढं रामायण घडलं ते वेगळं, 417 चीच गोष्ट, फक्त मोठी.)

महोत्सव झाला. फोटो झाले. बिल घेऊन गेले तर अध्यक्ष बदललेले, कमिटी बरखास्त, नवी म्हणते जुन्यांचं आम्हाला माहीत नाही, जुने म्हणतात नव्यांकडे जा. आठ महिने मी त्यांच्या पायऱ्या झिजवल्या, दातृत्वावर 240 पानं काढणारी माणसं फोन उचलत नव्हती. बँकेचे हप्ते थकले, एक मशीन बंद ठेवलं. आणि तेव्हाच आमचे एक व्यवसायबंधू, नाव लिहीत नाही, मशीन फोर कलर आहे त्यांचं, ते आमच्या गिऱ्हाइकांना फिरून सांगत होते की तिकडे ॲडव्हान्स देऊ नका, त्या दिवाळं काढतायत. पाच पार्ट्या गेल्या. दोन परत आल्या, तीन आजही तिकडेच आहेत, रस्त्यात भेटल्या की कसं काय विचारतात.

त्या वर्षी मी डबा फोडला. लिहायची लाज वाटते पण लिहिते, पगाराला कमी पडत होते. सगळ्यांसमोर उघडला, मोजले, आणि डब्यात चिठ्ठी टाकली, इतके उसने घेतले, खाली सही, मशीनमनची साक्ष. कागदवाले म्हणाले ताई, सावकाश द्या, आणि कागद देत राहिले, तोही जुन्याच रेटने. बाई आल्या, पुढच्या दोन वर्षांच्या पावतीपुस्तकांची ऑर्डर आणि चेक आधीच. म्हटलं, एवढी लागतात का तुम्हाला? तर म्हणाल्या, लागतील. स्मरणिकेत बाराव्या शतकातल्या मायमोनिडीज या ज्यू पंडिताने सांगितलेल्या दानाच्या आठ पायऱ्या होत्या. नाखुशीने देणं सगळ्यांत खाली, आणि सगळ्यांत वर, माणसाला कर्ज देणं, भागीदारीत घेणं, काम देणं, म्हणजे त्याला परत मागायची वेळ येत नाही. प्रूफात मी तिथे फक्त एक वेलांटी दुरुस्त केली होती. वरची पायरी खालून कशी दिसते हे तेव्हा कळलं, कारण घेणारी मी होते.

उसने फेडायला 14 महिने लागले. चिठ्ठी अजून आहे, फाडली नाही.

दरम्यान व्यवसायबंधूंनीही वह्या वाटायला सुरुवात केली. कव्हरवर फोटो, आतल्या पानावर मशीनची जाहिरात, वाटपाला स्टेज. सगळे म्हणायला लागले वा, काय कल्पना! त्यांना "दानशूर उद्योजक" म्हणून सन्मान जाहीर झाला, आणि सन्मानपत्र छापायचं काम, खोटं सांगत नाही, आमच्याकडे आलं, देणाऱ्यांना काय माहीत. सोनेरी फॉइलमध्ये नाव. मशीनमन म्हणाला ताई, एखादी वेलांटी चुकू द्या ना. मी प्रूफ दोनदा वाचलं, काकांचा खिळा आठवला. खरं बोलायचं तर त्यांच्या वह्या आमच्यापेक्षा चांगल्या, आखलेल्या, एकाच कागदाच्या, आणि पोरांना कव्हरवर कोण आहे याने काय फरक पडतो. मला पडतो. त्या सन्मानपत्राचं कात्रण निघालं तेही डब्यात गेलं, म्हणजे हिशोबाने त्या वर्षी त्यांनी आम्हालाही मदत केली.

नव्याने धंदा टाकणाऱ्यांना एक सांगते, कोणी विचारलं नाहीये तरी. वर्षाअखेरी नफा बघून काय द्यायचं ते ठरवू म्हणाल तर कधीच देणार नाही, नफ्याला नेहमी दुसरं काम निघतं. जे मशीनखालून पडतं त्यातलं काहीतरी बाजूला ठेवा, प्रत्येक धंद्यात काहीतरी पडतंच. काम करणाऱ्यांना विचारून कुठे द्यायचं ते ठरवा, आमच्याकडे आधी मीच ठरवायचे तेव्हा डब्याकडे कोणी बघायचं नाही, आता सगळे चिठ्ठी टाकतात आणि कटिंगवाला पट्टी सरळ निघावी म्हणून पात्याला आधीच धार लावून घेतो. देणगी दिली की पावती घ्याच. आणि कमिटीचं काम करायचं तर निम्मे पैसे आधी, लेटरहेडवर दोन सह्या, अध्यक्ष कितीही गोड बोलो.

बाई आता येत नाहीत, गुडघे. त्यांच्या जागी आलेल्या मुलाचा परवा फोन, मॅडम पावतीपुस्तकं पाहिजेत, सोशल वर्क आहे, फ्री मध्ये करून द्याल का? म्हटलं नाही, पूर्ण बिल लावीन. तो गप्पच झाला. म्हटलं आणि पहिल्या पावतीवर आमचं नाव घाला. आता तो आणखीच गोंधळला. सोमवारी येतोय, त्याला टेबलाशी बसवून सांगावं लागेल. पुस्तकं तोपर्यंत छापून होतील, नंबर मी स्वतः मोजणार आहे.