भिंत गेली, डबे राहिले

आमचा डोंबिवलीतला वन बीएचके, किचन आणि हॉलच्या मधली भिंत पाडून सगळं ओपन करायचं ठरलं तेव्हा आईने पहिलाच प्रश्न टाकला, "अगं मग फोडणीचा ठसका कुठे जाणार, सोफ्यावर?" प्रश्न काही चूक नव्हता. ओपन किचनच्या फोटोंमध्ये कोणी बोंबील तळताना दिसत नाही.

भिंत पाडता येईल की नाही हे आधी बघावं लागतं. आरसीसी फ्रेमच्या बिल्डिंगमध्ये भार कॉलम-बीमवर असतो, मधली साडेचार इंची विटांची भिंत नुसतं पार्टिशन असते, पण जुन्या लोडबेअरिंग बिल्डिंगमध्ये तीच भिंत वरचा मजला तोलून धरते, त्यामुळे मिस्त्री कितीही छातीठोक सांगू दे, इंजिनिअरला दाखवायचं, सोसायटीची परवानगी घ्यायची आणि मगच हातोडा. बरं, रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या २०१६ च्या कायद्यानुसार कार्पेट एरियात, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेत, आतल्या पार्टिशनच्या भिंतीही धरतात, म्हणजे नवीन फ्लॅट घेताना त्या विटांचेही पैसे आपणच मोजतो! प्लॅस्टर धरून अर्धा फूट जाडी, दहा फूट लांबी, झाले की पाच स्क्वेअर फूट. वॉशिंग मशीन बसतं तेवढ्यात.

पण भिंत गेल्यावर कळतं की ती किती कामं करत होती. हॉलच्या बाजूला कॅलेंडर, किल्ल्या, खिळ्याला अडकवलेली लाइट बिलं, आणि किचनच्या बाजूला आईची अख्खी मांडणी. आता हे सगळं जाणार कुठे? माळ्यावर आधीच गणपतीचं मखर, गाद्या आणि कोणीच न वापरणारा मिक्सर.

त्यात ते स्टीलचे डबे. प्रत्येकावर बारीक ठिपक्या-ठिपक्यांत नाव आणि तारीख कोरलेली, हा मामाच्या मुंजीतला, तो आत्याच्या लग्नातला, गव्हाच्या डब्याचं झाकण तर पोचा आल्यामुळे एकाच बाजूने बसतं आणि ती बाजू फक्त आईला माहीत. इंटिरियरवाला म्हणाला, "काकू, त्यापेक्षा मॅचिंग जार घ्या ना, छान दिसतील."

"जार कोणाच्या मुंजीतले?"

तो बिचारा गप्प टेप काढून डबे मोजायला लागला. ओट्याखाली बीडब्ल्यूपी प्लाय (म्हणजे बॉइलिंग वॉटरप्रूफ; आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघूनच घ्या, तिथे पाणी मुरतंच), आणि सगळ्यात खालची ट्रॉली गव्हाच्या डब्याच्या उंचीची. उरलेल्या उंचीत बाकीच्या दोन कशाबशा बसवल्या.