‘मला काही फरक पडत नाही’ या वाक्याच्या खाली

नकोशा भावनांपासून मन स्वतःचा बचाव कसा करतं, हे शोधण्यासाठी मी घडलेले प्रसंग वहीत लिहिते. आजपासून त्या वहीत ‘का’ हा प्रश्न प्रसंगाच्या पहिल्याच दिवशी विचारायचा नाही, असं ठरवलं आहे. ‘मी असं का वागले?’ म्हटलं की मन पटण्यासारखं कारण लगेच हजर करतं. पण कारण देणारं मन आणि बचाव करणारं मन एकच. अ‍ॅना फ्रॉइड या मनोविश्लेषकांनी १९३६ साली दमन (नकोशी भावना जाणिवेबाहेर ढकलणं), प्रक्षेपण (आपली भावना दुसऱ्याची समजणं), प्रतिक्रिया-निर्मिती (आत असेल त्याच्या नेमकं उलट वागणं) अशा बचाव यंत्रणांची व्यवस्थित मांडणी केली. त्या आपल्या नकळत चालतात, म्हणून सरळ विचारून हाती लागत नाहीत. माग काढायचा तो खुणांवरून.

त्यासाठी अ‍ॅरन बेक या मानसोपचारतज्ज्ञांच्या विचार-नोंदीचा, म्हणजे प्रसंग आणि तेव्हा आलेले विचार-भावना लिहून ठेवण्याचा तक्ता थोडा बदलून घ्यावा. चार रकाने: काय घडलं, मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं, शरीरात काय झालं, आणि पुढच्या तासाभरात काय केलं. घटना शक्यतो त्याच दिवशी लिहावी, कारण रात्र उलटली की आठवण गुळगुळीत होते. पहिल्या रकान्यात फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं. ‘त्याने माझा अपमान केला’ हा अर्थ झाला. ‘सगळ्यांसमोर माझा आकडा चुकल्याचं सांगितलं’ ही घटना.

हेच उदाहरण पुढे नेऊ. वाक्य: ‘मला काही फरक पडत नाही.’ शरीर: जबडा आवळलेला, कान गरम. कृती: घरी आल्यावर मुलावर क्षुल्लक कारणावरून आवाज चढला. वाक्य एक सांगतं, जबडा दुसरंच. ही तफावत म्हणजेच बचावाची जागा. फरक पडला हे नाकारलं गेलं आणि राग सुरक्षित माणसावर उतरला, म्हणजे विस्थापन झालं.

पाचवा रकाना दुसऱ्या दिवशी भरायचा. मनोचिकित्सक डेव्हिड मॅलन यांच्या संघर्ष-त्रिकोणाची तीन टोकं इथे फार उपयोगी पडतात: बचाव, त्यामागची भीती आणि तिच्याखाली दडलेली मूळ भावना. भीतीपर्यंत पोचायला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा: ‘हे खरं असलं, तर माझ्याबद्दल काय ठरतं?’ आकडा चुकला, म्हणजे माझं लक्ष नाही. लक्ष नाही, म्हणजे मी या कामाच्या लायकीची नाही. ते सगळ्यांना कळलं, तर मला कोणी विचारणार नाही. तेच उत्तर फिरून येऊ लागलं किंवा श्वास बदलला की थांबावं. तळाशी बहुधा लाज किंवा दुःख असतं. वर दिसणारा राग नसतो.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे नावं फार लवकर सापडणं. ‘हे माझं प्रक्षेपण’ असं नीटनेटकं लिहिलं जातं, शरीराचा रकाना मात्र कोरा. तेव्हा समजावं की बौद्धिकीकरण, म्हणजे भावना टाळून नुसता विचारच करणं, चालू आहे. वहीच बचावाचं साधन झाली आहे. अशा वेळी नाव खोडून रकाना तीनकडे परत जावं, पाय जमिनीवर टेकवून दोन-तीन मिनिटं फक्त छाती, गळा, पोट यांकडे लक्ष द्यावं. दुसरी चूक म्हणजे बचाव सापडला की स्वतःला झोडपणं. त्याने लाज वाढते आणि बचाव आणखी घट्ट होतो. त्याऐवजी ‘याने मला तेव्हा कशापासून वाचवलं?’ हे एक वाक्य लिहावं. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि नेमकं हेच घाईत सुटतं.

सगळे बचाव मोडायचेही नसतात. मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांनी विनोद, उदात्तीकरण (ऊर्मी विधायक कामाकडे वळवणं), जाणीवपूर्वक बाजूला ठेवणं यांना परिपक्व बचावांच्या गटात घातलं. बाजूला ठेवणं आणि टाळणं यांतला फरक तपासता येतो: ‘नंतर बघू’ला वेळ ठरवली होती का, आणि त्या वेळी खरंच बघितलं का?

एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटं पुरेत, आणि झोपण्यापूर्वी लगेच नको. जुन्या आघाताची दृश्यं डोळ्यांसमोर येऊ लागली, सुन्नपणा आला, झोप उडाली, तर वही बंद करून हे काम मानसोपचारतज्ज्ञासोबतच करावं. स्वतःला इजा करण्याचा विचार आला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच क्षणी मदत मागावी.