वितळलेली केबल

चिपळुणात २२ जुलै २०२१ नंतर गॅरेजला कुठलीही गाडी आली की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, पुरात होती का? प्रश्न रास्तच होता. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा घरांसमोर लावलेल्या गाड्या तरंगत एकमेकींवर जाऊन बसल्या होत्या. पाणी ओसरल्यावर सीटखाली गाळ, गिअरबॉक्समध्ये दुधाळ झालेलं ऑइल, कनेक्टरच्या पिना हिरव्या. मी ऑटो इलेक्ट्रिशियन. त्या हिरव्या पिना साफ करण्यातच माझा पुढचा बराच काळ गेला. पण त्या प्रश्नाने एक वाईट सवयही लागली. ‘हो, होती’ असं उत्तर आलं की पुढचं तपासणंच थांबायचं. सेल्फ लागत नाही, पुरातली आहे. लाइट मंद आहे, पुरातली आहे. गिऱ्हाईकही मान डोलावून निघून जायचं.

पुढच्या वर्षी, २०२२च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक काकू त्यांची चंदेरी मारुती ८०० घेऊन आल्या. गाडी २००७ची. सकाळी मंडई, दुपारी खेर्डीच्या एमआयडीसीत डबे, संध्याकाळी पुन्हा किराणा, असा तिचा रोजचा धंदा. ऑगस्टमध्ये पंधरा वर्षं पूर्ण होणार होती, म्हणजे पुन्हा पासिंग. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून जुन्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार झालेली, वर पर्यावरण कर. एवढे पैसे भरण्याच्या लायकीची गाडी राहिली आहे का, हे त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं.

तक्रार मात्र एकच सांगितली, आणि ती ऐकून मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

“अरे, एक्सलेटर अडकतो. परवा डबे घेऊन चालले होते, पाय काढला तरी गाडी पळतेच आहे. न्यूट्रल केली आणि कशीबशी कडेला घेतली.”

केबल कधी बदलली होती, असं विचारलं तर म्हणाल्या, “वर्षात दोनदा बदलली. ही तिसरी. जुन्या दोन्ही डिकीत ठेवल्यात, फेकल्या नाहीत मी.”

जुने पार्ट सांभाळून ठेवणारं गिऱ्हाईक मला फार आवडतं. निम्मं निदान त्या पार्टातच असतं. मी दोन्ही केबली घेतल्या आणि ग्राइंडरने एकीचं बाहेरचं वेटोळं उभं चिरलं. एक्सलेटरची केबल म्हणजे आत तारांचा पीळ, बाहेर पोलादी वेटोळं आणि दोघांच्या मधे प्लॅस्टिकची बारीक नळी. त्या नळीमुळेच तार सुळकन सरकते. या केबलमधली नळी इंजिनकडच्या टोकाला वितळून तारेवर गुठळ्या धरून बसली होती. रंग करपलेल्या साखरेसारखा. दुसरी केबल कापली, तेच. मधला भाग दोन्हींचा शाबूत होता. कुठे घासलेलं नाही, तार तुटलेली नाही.

केबल गंजून अडकते, घाण जाऊन अडकते, चुकीच्या वळणाने बसवली तरी अडकते. ती वितळायला मात्र उष्णता लागते. सायलेन्सर तिच्या जवळपासही नाही. मग उष्णता आली कुठून?

तेव्हा मी काकूंना बाकीचं विचारायला लागलो. सेल्फ कसा लागतो? “ओढल्यासारखा. बॅटरी नवीन टाकली तरी तसाच.” रात्री लाइट? “अगदीच मिणमिणती. पावसात तर मी रात्रीची काढतच नाही.” लाइट लावल्यावर डॅशबोर्डवर काही बदलतं का? थोडा विचार करून म्हणाल्या, “टेंपरेचरचा काटा वर जातो. पण रेडिएटर बघितला, पाणी बरोबर असतं.” चेक लाइटही मधूनच लागायची. त्यावरून कुणीतरी ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, बदलायला सांगितला होता आणि वर सल्ला दिला होता की पुरातली गाडी आहे, पैसे घालू नका, भंगारात द्या.

या सगळ्या तक्रारी मला एकाच ठिकाणी नेत होत्या. मी मल्टिमीटर काढला. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन इंजिनवर, अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) ब्रॅकेटच्या स्वच्छ बोल्टवर. पोराला म्हटलं, सेल्फ मार. या दोन जागांमध्ये खरं तर काहीच फरक दिसायला नको. चांगल्या गाडीत सेल्फ मारतानाही तो पाव व्होल्टच्या आत राहतो. इथे साडेतीन व्होल्ट दिसले. मग लाल पिन बॉडीवर ठेवली आणि पुन्हा सेल्फ मारला, तर जेमतेम शून्याच्या पुढे. म्हणजे बॅटरी ते बॉडी रस्ता साफ, बॉडी ते इंजिन रस्ता बंद.

“अजून एकदा मार, जरा जास्त वेळ,” असं सांगून मी एक्सलेटरच्या केबलला, थ्रॉटलजवळच्या (ती केबल जी हवेची झडप ओढते तिच्याजवळच्या) ब्रॅकेटपाशी, बोट लावलं. काही सेकंदांत बोट काढून घ्यावं लागलं. काकूंनाही मी हात जवळ नेऊन बघायला सांगितलं. इंजिन थंडगार आणि केबल चटका देते आहे. इतक्या वर्षांत मी हा प्रकार ऐकून होतो. समोर घडताना तेव्हाच पाहिला.

इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीत रबराच्या माउंटिंगवर बसलेले असतात. सायलेन्सरही रबराच्या कड्यांवर टांगलेला. हादरे बसू नयेत म्हणून हे रबर, पण त्यातून वीज जात नाही. सेल्फची मोटर फिरवायला छोट्या गाडीलाही शंभर अँपिअरच्या आसपास करंट लागतो, पहिल्या झटक्याला त्याहून बराच जास्त. पॉझिटिव्हच्या जाड केबलमधून तो मोटरपर्यंत पोचतो, मोटरमधून इंजिनच्या लोखंडात उतरतो, आणि तिथून त्याला बॅटरीच्या निगेटिव्हला परत यायचं असतं. त्यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत तांब्याची विणलेली जाड पट्टी असते. आम्ही तिला अर्थची पट्टी म्हणतो. ती नसली तर करंट थांबून राहत नाही. इंजिनला आणि बॉडीला जोडणारं जे काही धातूचं सापडेल त्यातून वाट काढतो. या गाडीत तशा वस्तू मोजक्याच, एक्सलेटरची केबल, क्लचची केबल, स्पीडोमीटरची केबल. दर वेळी सेल्फ मारला की या बारीक तारांमधून तो लोंढा जात होता, आणि जिथे केबल ब्रॅकेटला जेमतेम टेकते तिथे सगळ्यात जास्त तापत होतं.

टेंपरेचरच्या काट्याचंही कोडं तिथेच सुटलं. अल्टरनेटर इंजिनवर बसलेला, त्याचा निगेटिव्ह म्हणजे इंजिनचंच अंग. हेडलाइट लावली की तिचा करंट बॉडीतून याच केबलींमार्गे अल्टरनेटरकडे परतायचा, त्यामुळे इंजिन बॉडीपेक्षा थोडं उणे व्हायचं. टेंपरेचरचा सेन्सर इंजिनमध्ये आट्यांवर बसवलेला आणि त्याचा परतीचा रस्ता इंजिनमधूनच. फरक पडला की काटा वर. पाणी गरम झालेलंच नसायचं.

बॅटरीचा ट्रे काढून बघितलं. पट्टी गाडीतच होती! एक टोक बॉडीला घट्ट, दुसरं टोक मोकळं, ट्रेखाली लोंबत. गिअरबॉक्सवर तिच्या बोल्टची जागा रिकामी. काकूंना विचारलं, गिअरबॉक्स कधी उतरवला होता? पूर ओसरल्यावर. पाण्यात राहून क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटली होती, ती सोडवायला. पहिली केबल त्यानंतरच गेली होती.

ज्याने ते काम केलं त्याला मी दोष देत नाही. त्या दिवसांत गावात वीज नव्हती, हत्यारं गाळातून वेचून आणलेली, दारात गाड्यांची रांग. कुणाच्या हातून एखादा बोल्ट राहणं मी समजू शकतो. मला राग आला तो नंतरच्या वर्षाचा. पट्टी न बघता केबल बदलली गेली, पुन्हा बदलली गेली, बॅटरी बदलली, ईसीएमचा आकडा सांगितला गेला. मीटर लावायला दोन मिनिटं लागतात. आणि ही नुसत्या पैशाची बाब नव्हती. अडकलेला एक्सलेटर घेऊन एक बाई भर रस्त्यात गाडी आवरत होती.

जुन्या पट्टीच्या तारा बऱ्याच तुटल्या होत्या, म्हणून नवीन बनवली. पंचवीस चौरस मिलिमीटरची लवचीक तांब्याची केबल, दोन्ही टोकांना थिंबल, म्हणजे बोल्टखाली बसणारी धातूची टोकं, दाबून बसवलेले. गिअरबॉक्सवरची आणि बॉडीवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासली, दातेरी वायसर घालून बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस फासलं. ग्रीस नेहमी आवळल्यानंतर, बाहेरून. नवी एक्सलेटर केबल टाकली. क्लचची केबलही आतून जड लागत होती, तीही बदलली. मीटर पुन्हा लावला, साडेतीन व्होल्टांचे शून्य पूर्णांक एक झाले. सेल्फ असा लागला की काकू दचकल्या. “ही माझीच गाडी ना?” म्हणाल्या.

हेडलाइट सुधारली, पण माझ्या मनासारखी नाही. त्यांच्या भाच्याने पांढऱ्या एलईडी नाहीतर शंभर वॅटचे बल्ब टाकायला सांगितलं होतं. दोन्हींना मी नाही म्हटलं. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बसवला की उजेड विखुरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. शंभर वॅटचे बल्ब पासिंगला चालत नाहीत, आणि वायरिंग जाळतात ते वेगळंच. या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट, दोन बल्बांचा मिळून दहा अँपिअर, स्टिअरिंगखालच्या अप्पर-डिप्परच्या स्विचमधून फिरून येतो. पंधरा वर्षांच्या त्या स्विचमध्ये आणि बारीक वायरीत व्होल्टेज गळतं. मोजलं तर इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदाच्या वर आणि बल्बच्या होल्डरवर ११.३ व्होल्ट. होल्डरचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन ठिसूळ झालेलं. हॅलोजनचा स्वभाव असा, की व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो.

म्हणून दोन रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, बसवले, एक अप्परला, एक डिप्परला. बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर थेट बल्बपर्यंत, सिरॅमिकचे होल्डर, आणि बल्बची अर्थसुद्धा नवी. आता स्विचकडे नुसतं रिले ओढण्याचं काम, पाव अँपिअरही नाही. बल्ब तेच कंपनीचे ५५/६० वॅटचे. होल्डरवर १३.७ व्होल्ट आले. हिशोबाने उजेड जवळजवळ दुप्पट. जुन्या गाडीत माझ्या मते याच्याइतकी पैसे वसूल करणारी सुधारणा दुसरी नाही, आणि ती बाहेरून दिसतही नाही.

संध्याकाळी बहादूरशेख नाक्यावरून पोफळीपर्यंत जाऊन आलो, मी चालवत आणि काकू शेजारी. पाऊस, वायपर चालू, हेडलाइट चालू. टेंपरेचरचा काटा जागचा हलला नाही. परतताना गाडी त्यांनी स्वतः चालवायला घेतली. रात्री पावसात चालवायची त्यांची ती बऱ्याच महिन्यांतली पहिलीच वेळ असावी. खेर्डीच्या वळणावर समोरच्या ट्रकला त्यांनी नीट डिप्पर दिला तेव्हा मला बरं वाटलं.

भंगाराचा प्रश्न मग त्यांनीच पुन्हा काढला. मी खालून टॉर्च मारून पत्रा दाखवला. दारांच्या खालच्या पट्टीला गंज सुरू होता, तो खरवडून प्राइमर मारावा लागणार होता. चॅसीच्या कडा मात्र ठणठणीत. इंजिन गुळगुळीत, पीयूसीचे आकडे मर्यादेच्या खूप आत. पार्टांची तर चिंताच नाही. मारुती ८०० डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत बनली, तीस वर्षांचं पीक आहे. क्लच केबल आजही चिपळुणातल्या कुठल्याही स्पेअरच्या दुकानात फळीवर पडलेली असते. रोज तीस-चाळीस किलोमीटर डबे वाहायला तेवढ्या पैशात याहून चांगली गाडी त्यांना मिळाली नसती, आणि हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

ऑगस्टमध्ये रत्नागिरीला पासिंग झालं, पुढच्या पाच वर्षांसाठी. त्याच आठवड्यात काकू पुन्हा दारात. समोरच्या काचेवर वाफ धरते, ब्लोअर आवाज करतो आणि हवा येत नाही. ब्लोअरची मोटर उतरवून उघडली, तर आत वाशिष्ठीचा गाळ वाळून दगड झालेला, बेअरिंग जाम. ती मात्र खरोखरच पुरात गेलेली होती. नवी टाकली.